बिल्ल्याचें मोल

मनुष्यानें केलेल्या चांगल्या कामाची खूण त्याच्या अंगावर असावी कीं नसावी, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाहीं. सैनिकाच्या छातीवरचें पदक, पहिलवानाच्या खांद्यावरची गदा, विद्वानाच्या अंगावरची शाल, यांना समाजानें पूर्वापार मान्यता दिलेली आहे, आणि त्यांबद्दल सहसा कोणी वाद घालीत नाहीं. वाद उत्पन्न होतो तो त्याच खुणा कोंवळ्या वयाच्या मुलांना देऊं लागलें म्हणजे. आणि त्यांतहि मुलांनीं जें केलें तें परीक्षेंतलें यश नसून नुसतें रानावनांत हिंडणें, गड चढणें, तंबू ठोकणें, उघड्यावर चूल पेटवून भात शिजविणें अशा प्रकारचें असलें म्हणजे अधिकच. भात शिजविल्याबद्दल बिल्ला! आमच्या एका वृद्ध स्नेह्यांनीं हें ऐकून, "मग माझ्या आईला सोन्यानें मढवावें लागलें असतें," असे उद्गार काढले होते.

माटुंग्यास राहणाऱ्याला हा प्रश्न पुस्तकांत शोधावा लागत नाहीं. येथें शाळा-महाविद्यालयांची दाटी आहे. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १९२३ सालीं भायखळ्याहून येथें आली, रुइया महाविद्यालय १९३७ त निघालें, पोदार १९४१ त. आणि तेव्हांपासून या लहानशा टापूंत तरुणांची जी वर्दळ सुरू झाली ती अद्याप थांबलेली नाहीं. पावसाळ्यांतल्या कोणत्याहि शनिवारीं रात्रीं दादर स्टेशनावर उभें राहावें. पाठीवर फुगलेल्या पिशव्या, पायांत मागच्या खेपेचा चिखल वाळलेले बूट, आणि कसाऱ्याच्या किंवा कर्जतच्या गाडीची वाट पाहणारीं दहा-वीस पोरें हटकून दिसतील. कोणी कळसूबाईला निघालेलीं, कोणी राजमाचीला, कोणी हरिश्चंद्रगडाला. रविवारीं रात्रीं तींच चिंब होऊन परततात, आणि सोमवारीं सकाळीं त्यांच्यापैकीं निम्मीं माझ्या तासाला डुलक्या घेत असतात. त्या डुलक्यांविषयीं माझी तक्रार नाहीं. शेक्सपिअर शिकवीत असतां याहून पुष्कळ दुबळ्या कारणांनीं झोपलेलीं मुलें मीं पाहिलीं आहेत. सांगावयाचें तें इतकेंच कीं, या हिंडण्याबद्दल त्यांना पूर्वीं कांहीं मिळत नसे आणि आतां मिळतें. छापील प्रमाणपत्र मिळतें, गळ्यांत घालावयाचें पदक मिळतें, भ्रमणध्वनीवर एक रंगीत खूण उमटते. आणि योग्य त्या योजनेखालीं गेलें असल्यास वाढीव गुण किंवा श्रेयांकहि मिळतात.

याबद्दल माझ्या सहकाऱ्यांत दोन तट आहेत. एका तटाचें म्हणणें असें कीं, सत्कर्माला मोबदल्याची लालूच दाखविली कीं तें सत्कर्म राहत नाहीं; डोंगर चढण्याचा आनंद हेंच डोंगर चढण्याचें फळ, त्यावर आणखी फळ टांगणें म्हणजे आंब्याच्या झाडाला बाजारचे आंबे बांधणें होय. हे लोक गीतेचा आधार घेतात. दुसरा तट व्यवहारी आहे. ते म्हणतात, मुलांच्या हातांत आज इतकीं करमणुकीचीं साधनें आहेत कीं कांहीं दिल्यावांचून तीं घराबाहेर पडणारच नाहींत. एकदां बाहेर पडूं द्या, गोडी आपोआप लागेल. हे लोक कशाचाच आधार घेत नाहींत, कारण उपस्थितीचे आंकडे त्यांच्या बाजूला असतात. दोन्ही तट इतके आवेशानें भांडतात कीं त्यांचें एका गोष्टीबद्दल एकमत आहे हें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. दोघेहि बिल्ल्याला मजुरी समजतात. एक म्हणतो मजुरी देऊं नका, दुसरा म्हणतो द्या. बिल्ला ही मजुरी आहे काय, हें मात्र विचारावयाचें राहून जातें.

आपल्या भाषेंत हा शब्द मोठा सूचक आहे. स्टेशनावरच्या हमालाच्या दंडावर पितळी बिल्ला असतो. पट्ट्यावरच्या पितळी तुकड्याला चपरास म्हणत, आणि तो धारण करणारा तो चपराशी, अशी त्या शब्दाची व्युत्पत्ति आहे. हमालाला तो बिल्ला शाबासकी म्हणून मिळालेला नसतो. बिल्ला पाहून अनोळखी उतारू आपली पेटी त्याच्या डोक्यावर देतो आणि गर्दींतून निर्धास्तपणें त्याच्या मागें चालूं लागतो. म्हणजे बिल्ला हा मागें झालेल्या कामाची पावती नसून पुढें करावयाच्या कामाचा जामीन असतो. तो धारण करणाऱ्याला त्यापासून लाभ होत असेल, पण त्याचा खरा उपयोग दुसऱ्याला आहे: या माणसावर अमुक एका बाबतींत भरंवसा ठेवावयास हरकत नाहीं, एवढें तो सांगतो.

मुलांना बिल्ले देण्याची आजची पद्धति लॉर्ड बेडन-पॉवेल यांच्यापासून आली हें सर्वश्रुत आहे. तिचें बीज हिंदुस्थानांत पेरलें गेलें होतें, ही गोष्ट मात्र तितकी माहितींतली नाहीं. १८९७ सालीं ते पांचव्या ड्रॅगून गार्ड्स या घोडेस्वार पलटणीचे मुख्य होऊन येथें आले. टेहळणीचें शिक्षण घेऊन त्यांत पार उतरलेल्या शिपायांना त्यांनीं एक खूण द्यावयास प्रारंभ केला. होकायंत्रावर उत्तर दिशा दाखविणाऱ्या बाणाची ती खूण होती. पुढें १९०७ त ब्राउनसी बेटावर विसेक मुलांची छावणी भरली, १९०८ त 'स्काउटिंग फॉर बॉइज' हें पुस्तक निघालें, आणि शिपायाच्या बाहीवरचा बाण शाळकरी पोराच्या सदऱ्यावर आला. पलटणींत त्या बाणाचा अर्थ काय होता हें पाहण्यासारखें आहे. ज्याच्या बाहीवर तो असे त्याला अंधारांत पुढें धाडीत, आणि मागची सगळी पलटण त्याच्या शब्दावर विसंबून वाट चाले. बाण मिळाला म्हणजे विश्रांति मिळाली असें नसून सर्वांच्या आधीं उठण्याचें काम मिळालें असा त्याचा अर्थ होता.

बालवीरांच्या प्रावीण्य-पदकांत हाच अर्थ उतरला आहे. प्रथमोपचाराचें पदक ज्या मुलाच्या बाहीवर आहे त्यानें रस्त्यांत कोणी घेरी येऊन पडल्यास पुढें होणें हें त्याच्याकडे बाकी असलेलें देणें आहे. पदक नसलेला मुलगा बाजूला उभा राहिला तर त्याला कोणी नांव ठेवणार नाहीं. बेडन-पॉवेल यांनीं १९१९ सालीं पथकनायकांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांत आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. पदक देतांना काम किती उत्तम झालें यापेक्षां मुलानें त्यासाठीं किती खटपट केली हें पाहावें, असें त्यांचें मत होतें. आणि नुसतीं पदकें गोळा करीत सुटणाऱ्या मुलांविषयीं त्यांनीं तेथेंच सावधगिरीची सूचना दिलेली आहे. म्हणजे आज आपण ज्याला नवा रोग म्हणतों त्याचें निदान रोपट्याच्या जन्माबरोबरच झालेलें होतें.

आतां या बिल्ल्याच्या इतिहासांतला एक भाग असा आहे कीं तो आठवला म्हणजे 'बिल्ला हें पोरखेळ आहे' असें म्हणण्यास जीभ धजत नाहीं. हिंदुस्थानांत १९०९ सालीं बंगलोरास पहिलें पथक निघालें. तें व त्यानंतरचीं पथकें युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांचीं होतीं. हिंदी मुलांना तेथें मज्जाव होता. डोंगर चढण्यास त्यांना कोणी बंदी केली नव्हती. सह्याद्रि कोणाच्या मालकीचा नव्हता, आणि मावळांतल्या पोराला कडा कसा चढावा हें इंग्रजाकडून शिकावयाचें नव्हतें. नाकारलेली होती ती खूण. हिंदी मुलाच्या शब्दावर राज्याला भरंवसा ठेवतां येत नाहीं, एवढाच त्या नकाराचा अर्थ होता. म्हणून तर १९१६ त मद्रासेकडे ॲनी बेझंटबाईंनीं आणि त्यानंतर लवकरच अलाहाबादेस मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनीं हिंदी मुलांसाठीं स्वतंत्र संघटना उभारल्या. हीं कांहीं रिकामटेकडीं माणसें नव्हतीं. पितळेच्या एका तुकड्यासाठीं त्यांनीं एवढा खटाटोप कां करावा? कारण तो तुकडा म्हणजे नागरिकत्वाचा पहिला हप्ता आहे हें त्यांना दिसत होतें. १९३७ त खुद्द बेडन-पॉवेल यांनीं हिंदी लोकांच्या शीलाविषयीं अनुदार उद्गार काढले, तेव्हां पुष्कळांनीं त्यांच्या संघटनेचा त्याग केला आणि १९३८ त हिंदुस्थान स्काउट असोसिएशन स्थापन झालें. मिळविलेली खूण परत करणें यालाहि एक नैतिक अर्थ असूं शकतो, हें त्या वर्षीं शाळकरी मुलांना समजलें. शेवटीं ७ नोव्हेंबर १९५० या दिवशीं बालवीरांच्या संघटना 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' या एका छत्राखालीं आल्या. आणि पायऱ्यांना प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान अशीं नांवें रूढ झालीं. पुढें राज्य पुरस्कार आणि सर्वांच्या शेवटीं राष्ट्रपति पुरस्कार. सोपान हा शब्द ज्यानें निवडला त्याला धन्यवाद दिले पाहिजेत. पायरी ही पाय ठेवून पुढें जाण्यासाठीं असते, तिच्यावर बैठक मारण्यासाठीं नसते, हें त्या शब्दांतच आलें.

तरीपण पहिल्या तटाच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. आणि त्या तथ्याला गीतेहून अगदीं निराळ्या ठिकाणाहून पाठिंबा मिळालेला आहे. १९७३ सालीं लेपर, ग्रीन व निस्बेट या तिघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं एका बालवाडींतल्या पन्नासेक मुलांवर एक प्रयोग केला. चित्रें काढण्याची मुळांतच आवड असलेलीं मुलें त्यांनीं निवडलीं आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधींच सांगितलें कीं चित्र काढाल तर सोनेरी शिक्का व फीत लावलेलें प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला कांहीं सांगितलें नाहीं, पण चित्रें झाल्यावर तसेंच पत्र अकस्मात् दिलें. तिसऱ्याला कांहींच दिलें नाहीं. एक-दोन आठवड्यांनीं रंगीत लेखण्या पुन्हां सहज मांडून ठेवल्या तेव्हां पत्राच्या कराराने चित्रें काढणारीं मुलें बाकीच्यांच्या मानानें जवळजवळ निम्माच वेळ त्यांजवळ रमलीं. ज्यांना पत्र अवचित मिळालें होतें त्यांची आवड मात्र तसूभरहि कमी झालेली नव्हती.

हा निष्कर्ष वाचला तेव्हां मला रायगडची हिरकणी आठवली. आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. गडावर दूध घेऊन आलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, खालीं घरीं तान्हें मूल, आणि रात्रीच्या अंधारांत तिनें उतरलेला तो कडा. महाराजांनीं तिचा गौरव केला आणि त्या ठिकाणीं बुरूज बांधून त्याला तिचें नांव दिलें, असें सांगतात. हिरकणी दुसऱ्या गटांतली आहे. ती बुरुजासाठीं उतरली नाहीं, आणि बुरूज बांधल्यानें तिच्या उतरण्याला कमीपणाहि आला नाहीं. उलट, दुसऱ्या दिवशीं दवंडी पिटवून 'जो कोणी हा कडा रात्रीं उतरेल त्याच्या नांवें बुरूज' असें जाहीर केलें असतें तर काय झालें असतें याची कल्पना करावी. कडा उतरणारे पुष्कळ निघाले असते, कांहीं पडलेहि असते, आणि त्यांपैकीं एकाच्याहि घरीं तान्हें मूल नसतें.

ही कल्पना वाटते तितकी हवेंतली नाहीं. गिरगांव, लालबाग, दादर येथल्या गल्ल्यांतून गोविंदा म्हणून जो खेळ चाले तो मुळांत दह्यालोण्याच्या मडक्याचा खेळ. थर रचावयाचा, खालच्यानें वरच्याचा भार सोसावयाचा, आणि मडकें फुटलें कीं सगळ्यांनीं भिजावयाचें. शेजारच्या आळीहून एक थर अधिक लागला ही त्याची कीर्ति. पुढें मडक्याबरोबर पैशांची बक्षिसें टांगलीं जाऊं लागलीं, तीं लाखांवर गेलीं, आणि बक्षिसाबरोबर थरहि चढले. २०१२ सालीं जोगेश्वरीच्या जय जवान पथकानें नऊ थर लावून जागतिक विक्रम केला. दरवर्षीं पोरें पडूं लागलीं. २०१४ त मुंबई उच्च न्यायालयानें वीस फुटांची मर्यादा घातली आणि अठरा वर्षांखालील मुलांना मनाई केली. २०१७ त उंचीची मर्यादा उठली आणि वयाची अट चौदावर आली. २०२२ त सरकारनें त्याला साहसी खेळाचा दर्जा देण्याचें जाहीर केलें. न्यायालयांचा विषय वेगळा. मी येथें दुसरीच गोष्ट पाहतों. बक्षीस मोठें झालें तेव्हां सर्वांत वर चढविण्यास सर्वांत हलका जीव लागला, म्हणजे सर्वांत लहान मूल. त्या मुलाला ना त्या रकमेचा अर्थ कळत होता, ना त्या उंचीचा. गांवच्या जत्रेंत पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागत, तेव्हां हरणाऱ्यालाहि रेवड्या मिळत. ज्यानें कोणी ती रीत पाडली त्याला मनुष्यस्वभाव चांगला समजत होता. बक्षीस इतकें लहान असावें कीं त्यासाठीं कोणी मान मोडून घेणार नाहीं.

तर मग पहिला तट जिंकला असें म्हणावें काय? मी म्हणणार नाहीं, आणि त्याचें कारण माझ्या वर्गांतच बसत असे. लालबागच्या एका चाळींतली ती मुलगी. आजोबा गिरणीकामगार, १९८२ च्या संपांत घरीं बसलेले. वडिलांची लहानशी नोकरी. दहा बाय बाराच्या खोलींत सहा माणसें. राष्ट्रीय सेवा योजनेचें सात दिवसांचें शिबिर कर्जतकडच्या एका गांवांत होतें. तिच्या वडिलांनीं मला येऊन स्पष्ट विचारलें, "सर, याचा कागद मिळतो का?" मीं मिळतो म्हणून सांगितलें. ते म्हणाले, "मग जाऊं दे." माझ्या निष्कामवादी सहकाऱ्यांनीं हें ऐकलें असतें तर कपाळाला हात लावला असता. पण त्या गृहस्थांच्या बाजूनें पाहावें. ज्यांच्या घरांत पिढ्यान्-पिढ्या एकहि दिवस विनाकारण गेला नाहीं त्यांच्या लेखीं डोंगरांत हिंडणें म्हणजे उनाडकी. आणि मुलीनें हिंडणें म्हणजे त्याहून वाईट कांहींतरी. तो शिक्क्याचा कागद शेजाऱ्यांना दाखवितां येणार होता. त्या कागदानें मुलीला हिंडावयाचा परवाना मिळाला. तिनें आयुष्यांत प्रथम उघड्या आभाळाखालीं रात्र काढली, बंधारा घालण्यासाठीं दगड वाहिले, आणि परत आल्यावर कागद केव्हां मिळणार याची चौकशी तिनें केली नाहीं. ती वडिलांनीं केली.

अमेरिकन प्रयोगांतलीं मुलें आधींपासून चित्रांत रमणारीं होतीं, हें येथें विसरतां कामा नये. ज्याला गोडी आहे त्याला लालूच दाखवूं नये हें त्या प्रयोगानें सिद्ध होतें. ज्याच्या घराचें दारच उघडत नाहीं त्याचें काय, याचें उत्तर त्यांत नाहीं. निष्काम कर्म हा विचार मोठा आहे; पण पोट भरलेल्या घरच्या मुलाला सह्याद्रीचा निरपेक्ष आनंद घेतां येतो यांत त्याचें स्वतःचें कर्तृत्व किती आणि वडिलांनीं घेऊन दिलेल्या बुटांचें किती, याचाहि हिशेब कधीं तरी मांडावयास हवा. लोकमान्यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्यां'त लोकसंग्रहावर जो भर दिला आहे त्याचा धागा मला येथें जवळचा वाटतो. गीतेचा उपदेश रणांगणावर उभ्या असलेल्या, अस्त्रविद्या पुरी झालेल्या प्रौढ वीराला केलेला आहे. तेरा वर्षांच्या पोराला तोच उपदेश प्रवेशाच्या दारांतच ऐकविणें म्हणजे अधिकारभेद न ओळखणें होय.

मात्र दुसऱ्या तटानें या दारांतून आपली सगळी वरात आंत आणूं नये. दार उघडण्यापुरता कागद निराळा आणि कागदासाठींच दार निराळें. आमच्याकडे राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्याला दोन वर्षांत २४० तास भरावे लागतात आणि मुंबई विद्यापीठांत त्याबद्दल दहा गुणांची सवलत अनेक वर्षें मिळत आली. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर असल्या उपक्रमांना श्रेयांकांची जोड मिळाली. हेतु स्तुत्य होता. परिणाम असा कीं, झाड लावण्यासाठीं खड्डा खणीत असतां हातांतली कुदळ थांबवून "सर, हें किती तासांत धरणार?" असें विचारणारे विद्यार्थी मला भेटूं लागले. मीं त्यांना दोष देत नाहीं. त्यांच्या पुढ्यांत आपण घड्याळ ठेवलें, ते घड्याळ पाहतात. तास मोजणें हें सोपें आहे, आणि म्हणून कचेऱ्यांना तें आवडतें. पण तासांवर दिलेला बिल्ला हमालाच्या बिल्ल्याचें काम करीत नाहीं. १२० तास उपस्थित असलेल्या मुलावर कोणत्या गोष्टीसाठीं भरंवसा ठेवावा, हें तो सांगत नाहीं. तो फक्त एवढेंच सांगतो कीं त्याला उभें राहतां येतें.

याच्या उलट गिर्यारोहणाच्या शाळांतली रीत पाहण्यासारखी आहे. तेन्झिंग यांनीं १९५३ त एव्हरेस्ट सर केल्यावर पुढल्याच वर्षीं दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट निघाली. मुंबईंतली गिरिविहार ही संस्थाहि त्याच १९५४ सालची. दार्जिलिंगसारख्या ठिकाणीं प्राथमिक शिक्षणांत 'अ' श्रेणी मिळविली तरच पुढच्या शिक्षणाला घेतात. तेथें ती श्रेणी उदार हातानें वांटणें म्हणजे कोणाच्या तरी दोराच्या टोंकाला अपात्र माणूस बांधणें होय, आणि म्हणून ती वांटली जात नाहीं. हिमालयन क्लबनें शेर्पांसाठीं काढलेला 'टायगर' बिल्ला असाच होता. तेन्झिंग यांना तो एव्हरेस्टच्या पुष्कळ आधीं मिळालेला. तो देणारे लोक त्यांच्याबरोबर बर्फांत राहिलेले होते. एव्हरेस्टनंतर हंट व हिलरी यांना सरदारकी मिळाली आणि तेन्झिंग यांना जॉर्ज पदक. तें ठरविणारे लोक लंडनमध्यें बसलेले होते. एकाच मनुष्याला मिळालेल्या या दोन खुणांपैकीं कोणती अधिक खरी, हें वाचकांनींच ठरवावें.

देणारा कोण, यावर खुणेचें मोल अवलंबून असतें ही गोष्ट ॲरिस्टॉटलनें फार पूर्वीं ओळखली होती. माणसें मानाच्या मागें लागतात तीं आपण खरोखर चांगले आहोंत अशी स्वतःची खात्री पटावी म्हणून, आणि म्हणूनच तो मान आपल्याला ओळखणाऱ्या शहाण्या माणसांकडून मिळावा अशी त्यांची इच्छा असते, असें तो नीतिशास्त्रांत म्हणतो. तरुणाच्या बाबतींत हें दुपटीनें खरें आहे. आपण भित्रे आहोंत कीं धीट, याचा सोळाव्या वर्षीं कोणालाच पत्ता नसतो. अंधारांत घसरड्या वाटेवर आपण कसे वागलों हें त्याला स्वतःला नीट दिसलेलें नसतें. बरोबरच्या जाणत्या माणसानें पाहिलें, आणि त्यानें 'तूं हें केलेंस' असें सांगितलें, म्हणजे तें त्याचें होतें. बिल्ला हा त्या साक्षीचा टिकाऊ भाग. साक्षीदारच नसेल तर उरतो तो पितळेचा तुकडा. यंत्रानें शंभर नांवें भरून एका दमांत धाडलेल्या प्रमाणपत्रांत मला दोष दिसतो तो हाच. त्यावर सही असते, परंतु सही करणारा त्या रात्रीं आपल्या बिछान्यांत झोपलेला असतो.

बेडन-पॉवेल यांचा खटपट पाहण्याचा नियम पाळावयाचा तरी असा पाहणारा हवा. स्थूल मुलानें पहिल्या टेपाडापर्यंत जाणें आणि चपळ मुलानें कळसूबाईचे १६४६ मीटर गांठणें, यांत खटपट कोणाची अधिक हें नकाशा सांगत नाहीं, घड्याळ सांगत नाहीं. मागून चालणारा सांगतो. म्हणून माझें मत असें झालें आहे कीं, ज्या संस्थेजवळ मुलांच्या मागून चालणारीं माणसें पुरेशीं नसतील तिनें बिल्ले देण्याच्या भानगडींत पडूं नये. मुलांना खुशाल तसेंच हिंडूं द्यावें. त्यानें बिल्ल्यांची संख्या घटेल आणि अहवालाचीं पानेंहि कमी होतील, हें मी जाणून आहें.

गेल्या पावसाळ्यांत आमचा एक विद्यार्थी एका मंडळाबरोबर हरिश्चंद्रगडाला गेला होता. अर्ध्या वाटेवर त्याच्या सोबत्याचा पाय मुरगळला. बाकीचे वर गेले. हा सोबत्याला घेऊन पावसांत खालीं उतरला, आणि गांवांतल्या एका ओसरीवर दिवसभर त्याचा पाय मांडीवर घेऊन बसून राहिला. मंडळाच्या छापील नमुन्यांत 'शिखर गांठलें: होय / नाहीं' असा रकाना होता. नियमाप्रमाणें त्याला प्रमाणपत्र मिळालें नाहीं, सोबत्यालाहि नाहीं. ही हकीकत मला त्या मुरगळलेल्या पायाच्या मुलानें सांगितली, यानें नव्हे. तेव्हां मीं त्याला बोलावून घेतलें आणि घडलें तें चार ओळींत स्वतःच्या हातानें लिहून, खालीं नांव घालून, तो कागद त्याच्या हातीं दिला. मीं तेथें नव्हतों, पण ज्यानें पाहिलें त्याचें नांव मीं त्यांत घातलें होतें. त्यानें तो उभ्या उभ्या दोनदां वाचला, घडी केली, पुन्हां उलगडला, आणि यावर महाविद्यालयाचा शिक्का मारून मिळेल का, असें विचारलें. मीं शिपायाला शिक्का आणावयास सांगितलें.